मोबाईल फाडफाड चालवता, पण कॉम्प्युटरसमोर बसलं की अडखळता? मग हे शब्द आधी समजून घ्या

सुरुवात माझ्याच फजितीने करतो.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट रिपोर्ट सबमिट करायचा होता. रात्रभर जागून मित्राच्या कॉम्प्युटरवर तो टाईप केला. सकाळी डेस्कटॉपवर दिसणाऱ्या फाईलवर राईट क्लिक केलं, कॉपी, मग पेनड्राइव्हमध्ये पेस्ट. एका सेकंदात झालं. मला वाटलं, काय फास्ट कॉम्प्युटर आहे! झेरॉक्सच्या दुकानात पोहोचलो, पेनड्राइव्ह लावला, फाईलवर डबल क्लिक केलं आणि स्क्रीनवर एरर आला. दुकानातले काका शांतपणे म्हणाले, "अरे, ह्यात फाईलच नाहीये. हा नुसता शॉर्टकट आहे." मित्राचं घर १४ किलोमीटर लांब आणि सबमिशन बारा वाजता. पुढचं विचारू नका.

तेव्हा मला मोबाईल चांगला चालवता यायचा. ॲप्स, सेटिंग, सगळं. पण 'शॉर्टकट' आणि 'फाईल' यात फरक असतो हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मोबाईलवर ते कळायची कधी गरजही पडली नव्हती. कारण मोबाईलमध्ये फोटो गॅलरीत असतो, गाणं म्युझिक ॲपमध्ये असतं, चॅट व्हॉट्सॲपमध्ये. वस्तू कुठे ठेवली आहे हे ॲप लक्षात ठेवतं. कॉम्प्युटरवर मात्र ते तुम्हाला लक्षात ठेवावं लागतं. आज आपण जे शब्द बघणार आहोत ते बहुतेक याच एका फरकातून आलेले आहेत. उदाहरणं विंडोजची घेतो, कारण कॉलेजची लॅब, सायबर कॅफे, ऑफिस, बहुतेक ठिकाणी तुम्हाला तेच भेटणार आहे.

चला तर मग, सुरुवात करूया.

सीपीयू म्हणजे तो डबा नाही

टेबलाखाली ठेवलेल्या डब्याला आपल्याकडे सगळे सीपीयू म्हणतात. दुकानदारसुद्धा म्हणतो, त्यामुळे दुकानात तुम्हीही खुशाल म्हणा. पण खरं नाव कॅबिनेट. सीपीयू म्हणजे त्या डब्याच्या आत मदरबोर्डवर बसवलेली, बिस्किटाएवढी चिप. तिलाच प्रोसेसर म्हणतात. मोबाईलमध्ये जसा स्नॅपड्रॅगन किंवा डायमेन्सिटी, तसा इथे इंटेल किंवा एएमडीचा.

मॉनिटर म्हणजे फक्त स्क्रीन. त्याचं बटण बंद केलं म्हणजे कॉम्प्युटर बंद झाला असं नाही. ही चूक पहिल्या आठवड्यात प्रत्येकजण करतो.

ऑपरेटिंग सिस्टीम

तुमच्या फोनमध्ये अँड्रॉइड आहे ना? कॉम्प्युटरमध्ये तेच काम विंडोज करतं. सगळी यंत्रसामग्री आणि तुम्ही वापरता ते प्रोग्राम यांच्या मधला हा व्यवस्थापक. ॲपलच्या कॉम्प्युटरवर मॅकओएस असतं. काही ठिकाणी लिनक्स असतं. आपल्या सी-डॅकने बनवलेलं 'बॉस' हेही लिनक्सच.

विंडोजची पहिली आवृत्ती १९८५ साली आली. आज तुम्ही जे स्टार्ट बटण आणि खालची पट्टी बघता, ती १९९५ च्या विंडोज ९५ पासूनची. आता बऱ्याच ठिकाणी विंडोज १० आणि विंडोज ११ दिसतं. विंडोज १० चा नियमित सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. म्हणजे तो कॉम्प्युटर बंद पडला असं नाही, पण सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. सेकंडहँड लॅपटॉप घेताना तो विंडोज ११ ला चालतो का, हे आधी विचारून घ्या.

डेस्कटॉप, आयकॉन आणि तो शॉर्टकट

कॉम्प्युटर सुरू झाल्यावर समोर जे दिसतं तो डेस्कटॉप. फोनच्या होम स्क्रीनसारखाच दिसतो, पण इथेच पहिली फसगत होते. फोनच्या होम स्क्रीनवर मुख्यतः ॲपचे आयकॉन असतात. कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर दोन प्रकारच्या गोष्टी असतात: खऱ्या फाईली आणि शॉर्टकट. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखे.

शॉर्टकट म्हणजे पत्ता लिहिलेली चिठ्ठी. "फाईल अमुक ठिकाणी आहे" एवढंच तिच्यात असतं. चिठ्ठी दुसऱ्या गावाला नेली म्हणून घर काही सोबत येत नाही. मी पेनड्राइव्हमध्ये नेली ती चिठ्ठी होती. ओळखायची खूण सोपी आहे: शॉर्टकटच्या आयकॉनवर डाव्या खालच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो. आणखी एक खूण म्हणजे साईज. चाळीस पानांचा, फोटो टाकलेला रिपोर्ट जर १ किंवा २ केबीचा दिसत असेल, तर तो रिपोर्ट नाही.

खरी फाईल हवी असेल तर त्या शॉर्टकटवर राईट क्लिक करून 'ओपन फाईल लोकेशन' निवडा. जिथे नेऊन सोडेल तिथे मूळ फाईल असते. ती कॉपी करा.

याची उलट बाजूही लक्षात घ्या. गेमचा शॉर्टकट डिलीट केला म्हणून गेम जात नाही. तो काढायला सेटिंगमधून अनइन्स्टॉलच करावा लागतो. पण डेस्कटॉपवरची खरी फाईल डिलीट केली तर ती गेली.

राईट क्लिकबद्दल ओघात सांगतो. फोनवर आपण बोट दाबून धरतो आणि मेनू येतो, ते काम इथे माउसचं उजवं बटण करतं. काही अडलं की त्या गोष्टीवर राईट क्लिक करून बघा. निम्म्या वेळा उत्तर तिथेच असतं.

विंडो आणि टास्कबार

प्रत्येक प्रोग्राम एका चौकटीत उघडतो, ती विंडो. उजव्या वरच्या कोपऱ्यात तीन खुणा असतात. आडवी रेघ म्हणजे मिनिमाईज: विंडो खालच्या पट्टीत, म्हणजे टास्कबारमध्ये जाऊन बसते, पण चालूच राहते. चौकोन म्हणजे मॅक्झिमाईज: पूर्ण स्क्रीनभर. आणि फुली म्हणजे बंद. फोनवर होम बटण दाबून ॲप सोडायची आपल्याला सवय असते, परत गेलं की सगळं तसंच मिळतं. इथे फुली दाबणं म्हणजे होम बटण नाही, हे डोक्यात ठेवा. एका विंडोतून दुसरीत उडी मारायला ऑल्ट आणि टॅब एकत्र दाबा.

फाईल, फोल्डर, ड्राइव्ह

आता मुख्य विषयाकडे येऊ. इथे जरा थांबून वाचा.

फाईल म्हणजे साठवलेली एक वस्तू: एक फोटो, एक गाणं, एक अर्ज. फोल्डर म्हणजे फाईली ठेवायची पिशवी. पिशवीत पिशवी ठेवता येते. ड्राइव्ह म्हणजे हे सगळं ठेवलेलं कपाट किंवा त्या कपाटाचा एक कप्पा. 'धिस पीसी' उघडलं की सी, डी असे ड्राइव्ह दिसतात. ए आणि बी कुठे गेले? ती अक्षरं फ्लॉपी डिस्कसाठी राखलेली होती. फ्लॉपी गेली, पण हार्ड डिस्कची मोजणी सी पासूनच राहिली.

फाईल नेमकी कुठे आहे हे सांगणाऱ्या पत्त्याला पाथ म्हणतात. आधी ड्राइव्ह, मग फोल्डर, मग आतला फोल्डर, मग फाईल. म्हणजे जिल्हा, तालुका, गाव, घर, तसंच. 'फाईल कुठे सेव्ह केलीस?' या प्रश्नाला 'वर्डमध्ये' हे उत्तर होत नाही. वर्ड हा प्रोग्राम आहे, जागा नाही. 'डी ड्राइव्हमध्ये, कॉलेजच्या फोल्डरमध्ये' हे उत्तर.

आणि एक गोष्ट, जी कळेपर्यंत लोकांचे वर्षानुवर्षांचे फोटो गेलेले असतात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही फोल्डर साधारणपणे सी ड्राइव्हमध्येच असतात. विंडोज बिघडलं आणि दुरुस्तीवाल्याने 'फॉरमॅट मारावा लागेल' असं सांगितलं, तर सी ड्राइव्ह पुसला जातो. त्यासोबत डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं जातं. म्हणून फॉरमॅटला हो म्हणायच्या आधी या तीन फोल्डरमधलं सगळं दुसरीकडे कॉपी करून घ्या, नाहीतर त्याला स्पष्ट सांगा की आधी बॅकअप काढ. बॅकअप म्हणजे दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली प्रत. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हमध्ये ठेवलेली प्रत फॉरमॅटमधून वाचेल, पण डिस्कच खराब झाली तर तीही जाईल.

एक्स्टेन्शन: नावाची शेपटी

फाईलच्या नावाच्या शेवटी टिंब आणि काही अक्षरं असतात, त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. जेपीजी म्हणजे फोटो, एमपी-थ्री म्हणजे गाणं, पीडीएफ तर सगळ्यांना माहीत आहे. डॉकएक्स म्हणजे वर्डची फाईल. ही शेपटी बघून विंडोज ठरवतं की फाईल कुठल्या प्रोग्राममध्ये उघडायची.

ईएक्सई ही शेपटी असेल तर तो प्रोग्राम असतो, म्हणजे डबल क्लिक केल्यावर तो थेट चालू होतो. फोनवर लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाईल पाठवून फसवतात, हे तुम्ही वाचलं असेल. इथेही तोच खेळ आहे. गंमत अशी की विंडोज ही शेपटी सुरुवातीला लपवून ठेवतं. म्हणजे 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' असं नाव असलेली फाईल तुम्हाला 'बिल.पीडीएफ' एवढीच दिसते, आणि तुम्ही ती बिल समजून उघडता. माझ्या मते ही लपवाछपवी मायक्रोसॉफ्टने कधीच बंद करायला हवी होती. पण आपण ती स्वतः करू शकतो: विंडोज ११ मध्ये फाईल एक्सप्लोरर उघडा, व्ह्यू, मग शो, आणि 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' वर टिक करा. एकदाच करायचं काम आहे.

नाव बदलून पीएनजीचं जेपीजी केलं की फोटोचा प्रकार बदलत नाही. डब्यावरचं लेबल बदललं म्हणून तूरडाळीची मूगडाळ होत नाही. प्रकार बदलायला फोटो पेंटमध्ये उघडून 'सेव्ह ॲज' करून जेपीजी निवडावं लागतं.

रॅम, स्टोरेज आणि सेव्ह

फोन घेताना बॉक्सवर '८ जीबी + १२८ जीबी' असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा रॅमचा, दुसरा स्टोरेजचा. कॉम्प्युटरलाही हेच दोन लागतात, फक्त स्टोरेजला इथे हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणतात. एसएसडी बरीच वेगवान असते. जुना, रखडणारा लॅपटॉप एसएसडी टाकली की पुन्हा पळायला लागतो.

रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, स्टोरेज म्हणजे फडताळ. काम ओट्यावर चालतं. ओटा मोठा असेल तर एकावेळी जास्त पदार्थ करता येतात. पण लाईट गेली की हा ओटा क्षणात साफ होतो, आणि फडताळातलं मात्र जसंच्या तसं राहतं. तुम्ही टाईप करत असलेला मजकूर सेव्ह करेपर्यंत ओट्यावर असतो. कंट्रोल आणि एस दाबलं की तो फडताळात जातो.

लाईट कधीही जाऊ शकते हे गावाकडच्या वाचकांना मी काय सांगणार! लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून निभावतं. साध्या कॉम्प्युटरला यूपीएस नसेल तर दर दोन-चार ओळींनी कंट्रोल एस दाबायची बोटांना सवय लावा. गूगल डॉक्स आपोआप सेव्ह करतं, वर्डही मध्येमध्ये तात्पुरती प्रत ठेवतं आणि कधीकधी ती परत मिळते. कधीकधी.

फुली दाबल्यावर वर्ड विचारतं: सेव्ह, डोन्ट सेव्ह, की कॅन्सल? घाईत न वाचता मधलं बटण दाबलं की केलेलं काम गेलं. कॅन्सल म्हणजे 'बंद करू नकोस, मी अजून इथेच आहे'. गोंधळ झाला तर कॅन्सल.

सेव्ह आणि सेव्ह ॲज यात फरक काय? सेव्ह म्हणजे त्याच फाईलवर नवीन बदल लिहिणं. सेव्ह ॲज म्हणजे नवीन नावाने किंवा नवीन जागी दुसरी फाईल करणं. मित्राचा अर्ज उघडून त्यात आपलं नाव टाकायचं असेल तर आधी सेव्ह ॲज, मग बदल. नाहीतर मित्राचा अर्ज तुमच्या नावाचा होतो.

आणि सेव्हच्या बटणावरचं ते चौकोनी चित्र फ्लॉपीचं आहे. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं. तुमच्या फोनवरचा एक फोटोही बहुधा तिच्यात बसला नसता.

कॉपी, कट, पेस्ट

कॉपी केलेली गोष्ट क्लिपबोर्ड नावाच्या तात्पुरत्या जागेत जाते. एरवी तिथे एकच गोष्ट राहते. दुसरी कॉपी केली की पहिली जाते. विंडोज की आणि व्ही दाबून क्लिपबोर्ड हिस्टरी चालू केली तर मागच्या २५ पर्यंत गोष्टी मिळतात. कट आणि पेस्ट म्हणजे जागा बदलणं. पण पेनड्राइव्हमध्ये नेताना कट करू नका. मध्येच पेनड्राइव्ह हलला तर उगाच जिवाला घोर. कॉपी करा, तिकडे उघडून बघा, मग इकडची डिलीट करा.

चुकून काही उडालं तर कंट्रोल झेड. त्याला अनडू म्हणतात. हे बटण आयुष्यातही हवं होतं असं वाटतं, ते सोडा.

डिलीट केलेलं जातं कुठे?

रिसायकल बिनमध्ये. तिथून राईट क्लिक करून 'रिस्टोर' केलं की फाईल जुन्या जागी परत. पण शिफ्ट धरून डिलीट केलं तर ती बिनमध्ये न जाता सरळ जाते. आणि पेनड्राइव्हवरून डिलीट केलेल्या फाईलीही बिनमध्ये येत नाहीत, हे अनेकांना फाईल गेल्यावरच कळतं.

केबी, एमबी: फॉर्म भरताना अडतं ते इथेच

भरतीचा किंवा स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना फोटो ५० केबीपेक्षा कमी हवा, अशा अटी असतात. फोनने काढलेला फोटो ३-४ एमबीचा असतो. १ एमबी म्हणजे १०२४ केबी, म्हणजे फोटो अटीच्या साठ ते ऐंशी पट मोठा. म्हणून वेबसाईट तो घेत नाही, आणि शेवटच्या दिवशी रात्री आपण सर्व्हरला शिव्या देतो.

फोटो पेंटमध्ये उघडा, रिसाईझवर जा, पिक्सेल निवडून लांबी-रुंदी कमी करा, आणि सेव्ह ॲज करून नवीन नावाने जेपीजी ठेवा. मूळ फोटो तसाच राहू द्या. मग नव्या फाईलवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, साईज तिथे लिहिलेला असतो. अजून मोठा असेल तर मूळ फोटोवरूनच पुन्हा करा.

६४ जीबीचा पेनड्राइव्ह ५९ जीबीच दाखवतो म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या हिशोबात मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

मराठी टायपिंग आणि फॉन्ट

फोनवर मराठी लिहिता, मग इथे का नाही? विंडोजच्या सेटिंगमध्ये 'टाईम अँड लँग्वेज' मध्ये जाऊन मराठी भाषा जोडा. त्यात फोनेटिक कीबोर्डही घेता येतो, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगने 'नमस्कार' लिहिलं की मराठीत उमटतं. इंग्रजी-मराठी बदलायला विंडोज की आणि स्पेसबार.

फॉन्ट म्हणजे अक्षरांचं वळण. कृतिदेव, शिवाजी असे जुने फॉन्ट आजही बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे असतात. त्यात आतमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त दिसताना मराठी दिसतात. ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे फाईल उघडली की अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये लिहिलेलं मराठी मात्र फोनवर, कॉम्प्युटरवर, सगळीकडे मराठीच राहतं. तुमचा फोन युनिकोडच वापरतो.

प्रिंटला जाताना वर्डची फाईल नेऊ नका, पीडीएफ करून न्या. सेव्ह ॲजमध्ये प्रकार बदलून पीडीएफ निवडलं की झालं. फॉन्ट सहसा पीडीएफच्या आतच येतो, त्यामुळे पानं आणि अक्षरं दुकानातही तशीच दिसतात.

स्लीप, शटडाउन, रिस्टार्ट

स्लीप म्हणजे डुलकी: काम रॅममध्येच राहतं आणि लगेच परत सुरू होतं. शटडाउन म्हणजे बंद. रिस्टार्ट म्हणजे बंद करून पुन्हा चालू. पण बऱ्याच कॉम्प्युटरवर फास्ट स्टार्टअप चालू असतं, त्यामुळे शटडाउन केल्यावरही विंडोज स्वतःचा थोडा भाग साठवून ठेवतं. कॉम्प्युटर विचित्र वागत असेल तर म्हणूनच शटडाउनपेक्षा रिस्टार्ट जास्त उपयोगी पडतो.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर असाल तर

झेरॉक्सच्या दुकानात आपण व्हॉट्सॲप वेब स्कॅन करतो, आधारची पीडीएफ डाउनलोड करतो, प्रिंट घेतो आणि निघतो. ब्राउझरची विंडो बंद केली म्हणजे लॉगआउट झालं असं नाही. तुमचं व्हॉट्सॲप तिथे उघडंच राहू शकतं. फोनमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा आणि तो कॉम्प्युटर तिथून काढून टाका. घरी आल्यावर आठवलं तरी हे करता येतं.

आधारची फाईल मात्र घरून पुसता येत नाही. ती दुकानाच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये पडून असते, तुमच्या आधीच्या दहा जणांच्या आधारसोबत. उठायच्या आधी तो फोल्डर उघडा, आपली फाईल निवडा, आणि इथे मात्र शिफ्ट धरूनच डिलीट दाबा.